मराठी पान आणि रोटांची स्पर्धा

मी पेपरात होते असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, काय लिहायचात? मी काही लिहायची नाही. मी चिकटवायची. लिहिणारे लिहून चहाला निघून जायचे, त्यांचं लिहिलेलं पानावर सरळ बसवायचं काम माझं. दिवाळी अंकासाठी लिहा असं या संपादकांनी म्हटल्यापासून माझी झोप उडालीय, कारण उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं वाकडं दिसलं की मी ब्लेड घेऊन सरळ करत आले. आता माझं वाकडं कोण सरळ करणार, ते त्यांनाच ठाऊक.

आताच्या मुलांना सांगावं लागतं की एकोणीसशे नव्वदच्या दशकात पान कॉम्प्युटरवर पुरतं लागत नसे. बातमी कॉम्प्युटरवर टाइप व्हायची आणि पातळ पारदर्शक कागदावर छापून यायची. त्याला आम्ही ट्रेस म्हणायचो. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, टेबलावर आखलेला मोठा कागद. त्या कागदावर ट्रेस कापून कापून चिकटवायचे. इथे मथळा, तिथे फोटोची जागा, खाली जाहिराती. पान भरलं की त्याचा फोटो निघायचा, फोटोवरून प्लेट, आणि प्लेट मशीनवर. म्हणजे हजारो लोक सकाळी जे पान वाचायचे, ते आदल्या दिवशी एका बाईच्या हातात कात्रणांची गोधडी होऊन पडलेलं असायचं. बातमी मोठी आली तर कुठल्या ओळी उडवायच्या हे संपादकाने सांगायचं असतं. संपादक सापडला नाही तर ब्लेडच ठरवायचं. माझ्या ब्लेडने दोन आमदारांची भाषणं बरीच सुधारली, असं मी आजही मानते.

माहेर माझं शिरपूरकडचं. लग्न होऊन सुरतेच्या लिंबायतला आले. हे पॉवरलूमवर आणि मी घरी साड्यांचे सुटे धागे कापायची, जसं गल्लीतली प्रत्येक बाई कापायची. मॅट्रिक पास होते त्याचा उपयोग एकच होता, सासूबाईंना रोज मराठी पेपर वाचून दाखवायचा. त्याच पेपरात एक दिवस पेस्टिंगला माणूस पाहिजे अशी जाहिरात आली. मी सरळ प्रेसवर गेले. पर्वत पाटियाच्या चौकातून आत वळलं की ती तीन मजली इमारत. जाहिरात खात्याचे मॅनेजर जयंतीभाई माझ्याकडे बघून कळवळून म्हणाले की बेन, हे पुरुषांचं काम आहे. मी विचारलं, यातलं पुरुषांचं कुठलं, कापायचं की चिकटवायचं? ते हसले. जयंतीभाई हसले की काम झालं समजायचं, हे मला पुढे कळलं. त्या दिवसापासून मी लताबेन झाले. त्या इमारतीत माझ्याआधी एकही बाई नव्हती, त्यामुळे बायकांसाठी मोरीही नव्हती. शेवटी शेठच्या केबिनमागच्या मोरीची किल्ली मला मिळाली. मजला झाडणाऱ्यापासून संपादकापर्यंत कुणालाच न मिळालेली ती किल्ली मी पदराला बांधून मिरवायची.

कंपनी एकेकाळी फार मोठी. सकाळचं गुजराती दैनिक, संध्याकाळचं वेगळं, एक हिंदी, एक सिनेमाचं साप्ताहिक आणि खानदेशी वस्त्यांसाठी चार पानांचा मराठी अंक. गावोगावी शाखा. मी लागले तेव्हा उतरती कळा सुरू झालेली होती, पण ती आम्हाला वेगळ्याच रस्त्याने कळली. कुठली शाखा बंद पडली की तिचं सामान टेम्पोत भरून सुरतेला यायचं. वापी बंद झालं, खुर्च्या आल्या. भरूच बंद झालं, कपाटं आणि भिंतीवरचं घड्याळ आलं. नवसारीहून बाकडी आली. कंपनी जसजशी खंगत गेली तसतसं आमचं ऑफिस भरत गेलं. शेवटी माणसांपेक्षा खुर्च्या जास्त झाल्या. जिन्यात खुर्च्या, गच्चीत खुर्च्या. आमच्या खात्यात तीन गावांची तीन घड्याळं होती आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. बालाजी म्हणायचा, जेवायला वापीच्या घड्याळाने जायचं आणि परत यायचं भरूचच्या.

बालाजी माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. लातूरचा. हात सोन्यासारखा, डोकं मात्र कायम जेवणात. एकदा एका जैन कुटुंबाची जाहिरात होती. त्यांच्या मुलीने आठ दिवसांचा कडक उपास केला होता, तिचं अभिनंदन. बालाजीने त्या मुलीच्या फोटोला लागून खालीच कांदा-बटाट्याच्या घाऊक व्यापाऱ्याची जाहिरात बसवली. जागेचं माप तंतोतंत जुळलं म्हणून तो खूशही होता. कांदा-बटाटा ज्या घरात उंबऱ्याच्या आत येत नाही, त्यांच्या लेकीच्या उपासाला आम्ही पोतंभर कांदे वाहिले. जयंतीभाई स्वतः त्या घरी जाऊन हात जोडून आले. परत येऊन बालाजीला एवढंच म्हणाले की भाई, माप कागदाचं घे आणि माणसाचं पण घे.

सामानाबरोबर माणसंही आली होती, आणि माणसं खुर्च्यांसारखी एकावर एक रचता येत नाहीत. मालक जैन, वरच्या मजल्यावर जाहिरातीत सगळे गुजराती, मशीनवर आणि गठ्ठ्यांच्या बांधणीत आमचे खानदेशी. मराठी पानाचे संपादक गोरेसाहेब पुण्याचे. सज्जन माणूस, पण लिंबायतमध्ये कधी पाय ठेवला नव्हता. भांडणं कशावरूनही व्हायची. नोटीस गुजरातीतच का, डब्यातल्या सुकटीचा वास जिन्यात का, बढती मिळते ती नेहमी वरच्याच मजल्याला का. शेठच्या लेखी मराठी म्हणजे सगळे एकच. पुण्याचे गोरेसाहेब, लातूरचा बालाजी आणि शिरपूरची मी, हे एकाच आईचे तिघे असावेत असं ते धरून चालायचे. दर शुक्रवारी वर बैठक व्हायची, त्यात पुढच्या आठवड्याचं ठरायचं. मला त्यात बसू द्या असं मी दोनदा म्हणून पाहिलं. वाचणारे माझ्या गल्लीतले आहेत, मला विचारा तरी. गोरेसाहेब म्हणाले, तुमचं खातं तांत्रिक आहे. तांत्रिक म्हणजे ज्याला खुर्ची द्यायची नाही ते, असा अर्थ मी काढला. त्या इमारतीत खुर्च्यांची टंचाई होती असं तर नाही.

मग तो श्रावण आला. तोपर्यंत चार पानांचा मराठी अंक आक्रसून गुजराती दैनिकाच्या पोटातलं एक पान झाला होता. शेठने निरोप पाठवला की श्रावणात मराठी पानाने आपला जीव दाखवावा, नाहीतर ते बंद. गुजराती पानांना पेस्टिंगची माणसं होतीच, बालाजीला त्यांनी तिकडे घेतलं असतं. मला घेणार नव्हते, हे जयंतीभाईंनी मान खाली घालून सांगितलं. म्हणजे पान गेलं की मी परत घरी, साडीचे धागे कापत. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. पण मला त्या काचेच्या टेबलाचा लळा लागला होता. सकाळी गल्लीत कुणी पान उघडलं की मी लांबून बघायची, मथळा सरळ आहे ना. तो सरळ असला की माझा दिवस सरळ जायचा. हे सुख साडीच्या धाग्यात नव्हतं.

याच वेळी दुसरी नोटीस लागली. तोटा फार, म्हणून सुट्ट्या कमी. संक्रांतीचं उत्तरायण, होळीनंतरची धुळेटी, दिवाळी आणि बेसतं वर्ष, म्हणजे गुजराती नववर्ष, एवढ्याच राहिल्या. मशीनवरचे सगळे उसळले. आणि कानबाई?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी मांडायची, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. माणूस सुरतेत असो की आणखी कुठे, कानबाईला भाऊबंद एका घरी जमणार म्हणजे जमणार. त्यासाठी सुट्टी मागायला मशीनवाले गेले, तर मराठी पानाचेच संपादक म्हणाले की हा सण माझ्या पंचांगात ठळक दिसत नाही. मशीनवाल्यांनी त्यांना पंचांग कुठे ठेवायचं ते सांगितलं नाही, एवढा त्यांनी मान राखला. बालाजी म्हणाला, यांना कानबाई तर मला पोळा. बांधणीतल्या रफीकभाईंनी ईदचं काढलं. वरच्या मजल्यावरून आवाज आला, उद्या आम्ही शीतळा सातमपासून जन्माष्टमीपर्यंत सगळं मागू. चार दिवस कुणी कुणाचा चहा घेतला नाही.

मी माझ्यापुरती तोड काढली. बालाजीला म्हटलं, कानबाईचं माझं पान तू लाव, तुझ्या पोळ्याला तुझं मी लावीन. जयंतीभाईंनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. शुक्रवारी संध्याकाळी मी घरी गेले, आणि नेमक्या त्याच शुक्रवारच्या बैठकीत पानाचा जीव दाखवण्याची युक्ती निघाली.

रविवारी सकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. धुळ्याचे दीर, गोडादऱ्याच्या जावा, पोरंटोरं. पान आलं आणि धाकट्या दिराने मोठ्याने वाचलं. पानाच्या मधोमध चौकटीत होतं की, कानबाईनिमित्त रोटांची भव्य स्पर्धा. भगिनींनी आपल्या घरचे रोट सोमवारी सकाळी आमच्या कार्यालयात आणावेत, परीक्षक चव घेतील, पहिल्या नंबराला मिक्सर.

एका जावेने पान त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि पुन्हा वाचलं.

रोट म्हणजे काय ते सांगायला हवं. घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मापाने गहू घेऊन दळायचे, त्या पिठाचा जो नैवेद्य, तो कानबाईचा रोट. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजारी जिवाभावाचा असला तरी त्याला द्यायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही, कारण ती आता दुसऱ्यांच्या रोटाची. पीठ संपेपर्यंत घरच्यांनीच संपवायचं. आणि हा रोट आमच्या प्रेसने बाजारात मांडायला सांगितला होता, वर परीक्षक चव घेणार होते. जयंतीभाईंना वाटलं असणार, हा काहीतरी पदार्थ आहे. गोरेसाहेबांना वाटलं असणार, पुण्यात मोदकांची स्पर्धा होते तशीच ही. बालाजीने ती चौकट चिकटवली, त्यालाही पत्ता नव्हता, कारण लातुरात कानबाई नसते. तीन शहाणे, आणि चौथी मी घरी गहू दळत बसलेली.

दुपारपर्यंत लिंबायत पेटलं. पेपर टाकणारा पोरगा सांगत आला की लोक पान परत देतायत. कुणी म्हणालं, उद्या जाऊन त्यांच्या काचा फोडू. मला गल्लीतल्या बायका विचारू लागल्या की तू तिथे असून असं कसं होऊ दिलंस. मला रडू यायला लागलं. सोमवारी शेठ स्वतः हजर राहणार असं चौकटीत खाली छापलंच होतं, म्हणजे स्पर्धेला किती माणसं येतात ते बघायलाच. एकही बाई येणार नव्हती. म्हणजे सोमवारी दुपारी पान बंद. आणि लोक खरोखरच दगड घेऊन गेले तर बंद होण्याआधी पानाला बट्टाही लागणार.

सासूबाई चौरंगाला आंब्याची पानं बांधत होत्या. माझ्या नोकरीला सुरुवातीला त्यांचाच सगळ्यात जास्त विरोध होता, बाप्यांच्या घोळक्यात सुनेला पाठवायचं नाही म्हणून. पण वर्षभरात त्यांची ऐट अशी झाली होती की पान हातात आलं की त्या बोट ठेवून आमच्या अहिराणीत म्हणायच्या, हे मन्ही सूनने चिटकाडेल शे. मी रडत रडत सगळं सांगितलं. पान जाईल, माझं टेबल जाईल. त्यांनी हातातली पानं खाली ठेवली.

"त्या लोकेसले माहीत नही, तं त्यासले मारो का?" त्या म्हणाल्या. "माहीत नही तेले सांगो. रोट घरना बाहेर जात नही. पन कानबाई तं जास ना? तिले कोन अडावस?"

माझं रडणं थांबलं. दिरांनी कुरकूर केली, कारण विसर्जनाला तापीवर जायचा रस्ता सरळ होता आणि प्रेसवरून जायचं म्हणजे उलटा वळसा. सासूबाई म्हणाल्या, ती वर्षातून एक डाव येस, तिले सुरत दखाडाले काय व्हस? मग त्या स्वतः उठल्या आणि गल्लीतल्या घराघरात गेल्या. मी मागोमाग. प्रत्येक घरी आधी पेपरवाल्यांना शिव्या, मग सासूबाईंचं तेच वाक्य, मग हसू. संध्याकाळपर्यंत गोडादऱ्यापर्यंत निरोप पोचला होता.

सोमवारी सकाळी प्रेसवर काय चाललं होतं ते मला नंतर बालाजीने सांगितलं. मशीनवाले सुट्टी नसतानाही आले नव्हते. वर एक लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, मध्ये मिक्सर, मागे तीन परीक्षक आणि समोर कुणी नाही. शेठ येऊन बसले होते. भरूचच्या घड्याळाने अकरा वाजले, वापीच्या घड्याळाने सव्वाअकरा. गोरेसाहेब घाम पुसत होते. जयंतीभाईंना कुणीतरी तोवर खरा प्रकार सांगितला होता आणि ते कोपऱ्यात उभे राहून देवाचं नाव घेत होते. इतक्यात लांबून ढोल ऐकू आले. रखवालदार धावत वर आला आणि म्हणाला की लिंबायत येतंय, सगळं लिंबायत. फाटक बंद करू का?

जयंतीभाईंनी एका क्षणात जे केलं त्यासाठी मी त्यांना आयुष्यभर मानलं. ते म्हणाले, फाटक उघड, आणि खुर्च्या खाली आण.

आम्ही वळणावर आलो तेव्हा मला आधी दिसल्या त्या खुर्च्या. वापीच्या, नवसारीच्या, भरूचच्या. जिन्यातल्या, गच्चीतल्या, जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ओळीने मांडलेल्या. उपाशी, रात्रभर जागलेल्या म्हाताऱ्या त्यांच्यावर हुश्श करून बसल्या. जाहिरात खात्यातले गुजराती लोक घागरी घेऊन पाणी वाटत होते. रफीकभाई गर्दीतून वाट काढून देत होते. फाटकासमोर एक पाट मांडला होता, त्यावर मिक्सरखालची पांढरी चादर. सासूबाईंनी डोक्यावरची कानबाई त्या पाटावर उतरवली. जयंतीभाईंच्या घरून त्यांची बायको हंसाबेन आल्या होत्या. त्यांनी चपला काढल्या, कुंकू लावलं, ओटी भरली.

सासूबाईंच्या समोर येऊन जयंतीभाईंनी हात जोडले.

"बा, मला काय खबर नव्हती," ते आपल्या गुजराती मराठीत म्हणाले. "भूल थई गई. मला वाटला, खावानी वस्तू छे."

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, मग ढोलवाल्याला हात करून गाणं उचललं. आमच्या बायका कानबाईपुढे कुणालाही गाण्यात गुंफतात, सरपंच सुटत नाही की जावई सुटत नाही.

"जयंतीभाई रोट मांगस, भाऊबंद तू कोना,
कानबाई उनी दारमा, पाट मांड सोनाना."

रोट मागणारा तू कुणाचा भाऊबंद, कानबाई दारात आलीय, सोन्याचा पाट मांड, हे दोनशे बायकांनी उचललं. जयंतीभाईंना शब्द अर्धेच कळले, पण आपलं नाव येतंय एवढं कळलं आणि ते नाचायला लागले. मग गरब्यात मुरलेल्या हंसाबेन आल्या, आमच्या जावांनी त्यांना फुगडीला धरलं. गोरेसाहेब जिन्याच्या पायरीवर उभे होते. माझ्या धाकट्या जावेने त्यांचा हात धरून ओढलं, आणि पुण्याचा तो सज्जन माणूस चष्मा सावरत दोन गिरक्या घेऊन आला. तिसऱ्या गिरकीला चष्मा बालाजीच्या हातात होता. मी आयुष्यात इतकी हसले नव्हते, आणि हसता हसता रडत होते, पण आदल्या दिवसासारखं नव्हे.

प्रसाद म्हणून लाह्या-फुटाणे वाटले. ते सगळ्यांना चालतात. रोटाचा घास मात्र सासूबाईंनी कुणाला दिला नाही. हंसाबेननी भाबडेपणाने विचारलंही, की आता तर आपण घरचे झालो ना? सासूबाई म्हणाल्या, घरच्या झालात बेन, पण भाऊबंद नाही झालात. हंसाबेनना ते पटलं. त्यांच्याही कुळात असलं काहीतरी होतं म्हणे, जे त्या आम्हाला देणार नव्हत्या.

शेठ वरून खाली आले. ओळीतल्या एका खुर्चीवर बसून त्यांनी लाह्या खाल्ल्या. मग मला जवळ बोलावून विचारलं की हे सगळे आपलं पान वाचतात? मी खोटं बोलले नाही. म्हटलं, काल सगळ्यांनी वाचलं शेठ, आणि रागावले. ज्याला काही पडलेलं नसतं तो रागावत नाही. शेठ जयंतीभाईंकडे वळून गुजरातीत म्हणाले की या बेनला शुक्रवारी वर बसव.

दुसऱ्या दिवशी पानावर गोरेसाहेबांनी स्वतःच्या नावाने माफी छापली. रोट म्हणजे काय ते सरळ शब्दांत लिहिलं, कुठेही शहाणपणा न करता. तो मथळा मी लावला. त्यानंतर ते रविवारी लिंबायतमध्ये यायला लागले आणि आमच्याकडे चहा घेताना सासूबाईंना एवढे प्रश्न विचारायचे की त्या मला आत येऊन म्हणायच्या, या मानोसले कामधंदा नही का वं? शुक्रवारच्या बैठकीत मी बसायला लागले. पहिल्या दिवशी खुर्ची आणायला मीच उठले, तर जयंतीभाई म्हणाले, लताबेन, बसा, खुर्ची आपल्याकडे आहे. सुट्ट्यांचा तंटा माझ्या आणि बालाजीच्या सौद्यावर मिटला. आमच्या कानबाईला वरचा मजला येऊन पान लावणार, बेसत्या वर्षाला आम्ही त्यांचं छापणार, ईदला रफीकभाईंची बांधणी सगळे मिळून करणार. कानबाईचं गुजराती लोकांनी लावलेलं पान वाकडं असायचं. मी ते बघून काही बोलायची नाही, हे माझ्या आयुष्यातलं मोठंच तप.

मिक्सरला कुणी विजेता नव्हता, म्हणून तो पेस्टिंग खात्यात आला. आम्ही त्यात लसणाची चटणी वाटायचो. जैन मालकाच्या ऑफिसात त्यावरून पुन्हा नवीन भांडण सुरू झालं, पण ते निराळं.

आता खरं तेही सांगते. त्या सोमवारने कंपनी वाचली नाही. असल्या गोष्टींनी कंपन्या वाचत नसतात. जाहिराती आटत गेल्या, हिंदी बंद पडलं, सिनेमाचं साप्ताहिक बंद पडलं, संध्याकाळचं बंद पडलं. दर वेळी वाटायचं, आता आपला नंबर. पण बैठकीत मराठी पानाचा विषय निघाला की शेठ म्हणायचे, ते राहू दे. श्रावणात बंद होणार होतं ते पान पुढची काही वर्षं जगलं, आणि मी त्याच्याबरोबर. हंसाबेन दर वर्षी कानबाईला ओटी घेऊन यायच्या.

दशक संपायच्या सुमारास सगळंच बंद झालं. आम्हाला आधी सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी रडारड होईल असं वाटलं होतं, पण झाली नाही. बालाजीने सगळ्यांना भेळ खाऊ घातली. एरवी मराठी पान आतलं असल्यामुळे सगळ्यात आधी मशीनवर जायचं आणि मी लवकर घरी जायची. त्या दिवशी जयंतीभाई खाली आले आणि त्यांनी गुजराती पानं भराभर पुढे पाठवून दिली. मला म्हणाले, लताबेन, तुमचं पान बंद करायला निघालो होतो ना आम्ही? आज शेवटचं तेच जाणार. सावकाश लावा.

मी सावकाश लावलं. वरचा मजला खाली येऊन माझ्या टेबलाभोवती उभा राहिला. शेवटी उजव्या कोपऱ्यात एक छोटी जागा उरली होती आणि तिथे बसेल अशी एकच जाहिरात होती. गोडादऱ्याच्या कुणा कुटुंबाची, त्यांच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाची, फोटोत पोरीच्या डोळ्यांत एवढं काजळ. मी पट्टी लावून बघितलं, चिकटवायचं सोल्यूशन फिरवलं आणि ती सरळ बसवली. गोरेसाहेब वाकून म्हणाले, छान बसली. मग रफीकभाईंनी पान उचललं आणि खाली नेलं, फोटो आणि प्लेट होऊन मशीनवर चढायला.